न विचारता उघडलेली विहीर

बहात्तर साली मी पाथर्डीकडच्या एका गावी लुथरन मंडळीचा पाळक म्हणून गेलो आणि वर्ष-दीड वर्षात तिथून निघालो. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस नवलाचा नाही, पण लुथरन म्हटलं की ख्रिस्ती लोकसुद्धा विचारत, "म्हणजे कॅथलिक का?" नाही म्हटलं की, "मग आमच्यातलेच?" त्यालाही नाही म्हणावं लागे. मग ते माझ्याकडे जरा सहानुभूतीनं बघत.

मंडळी लहान होती, पण तेवढ्यातही दोन तट होते. एका तटाचे पुढारी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, दुसऱ्याचे फौजेतून परतलेले हवालदार. दोघे चुलतभाऊ, दोघेही मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे. आणि दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. कारण मी अनेकांना विचारलं. कुणी म्हणे, नाताळच्या भजनाला पेटी कुणी वाजवायची यावरून. कुणी म्हणे, बांधावरून. हवालदारांच्या बायकोनं प्रामाणिकपणे सांगितलं, "कारन हुतं, पन आता ध्यानात न्हाई."

मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. देवानं आपल्याला याच कामासाठी इथं धाडलंय असं मला वाटलं. पहिल्याच महिन्यात समेटावर प्रवचन केलं. स्वतःचंच बोलणं ऐकून मी दोनदा डोळे टिपले. उपासना संपल्यावर गुरुजी दारात थांबले, माझा हात धरून म्हणाले, "आज बरं ऐकवलंत त्याला." ते गेल्यावर मागच्या दारानं हवालदार आले. "पाळकसाहेब, असंच सुनवत चला त्याला." पुढच्या रविवारी मी क्षमेवर बोललो. परिणाम तोच, फक्त हवालदार आधी आले.

तिकडं पावसानं दगा दिलेला. निम्मी मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. हिवाळा सरता सरता गावची विहीर आटली, टँकरचा भरवसा नव्हता. आमच्या देवळामागं मात्र एका जुन्या गोऱ्या मिशनऱ्यानं खोल खणलेली विहीर होती. तिला पाणी होतं.

एका सकाळी कंपाउंडच्या फाटकाबाहेर गावातल्या बायका हंडे-कळश्या घेऊन उभ्या दिसल्या. पुढं पाटलांची म्हातारी चुलती. मी म्हणालो, "आत या की, मावशी."

"यावं का न्हाई, ते तुमी सांगा," म्हातारी म्हणाली. "आमच्यातलं कुनी इथं आलेलं न्हाई कधी."

मी फाटक सताड उघडलं. घरातली मंडळी आणि देवळातली मंडळी, दोन्हींना न विचारता. त्या रविवारी, येशूनं जिच्याकडं पाणी मागितलं त्या विहिरीकाठच्या परजातीच्या शोमरोनी बाईवर बोललो. प्रवचन आयतंच अंगणात चालून आलं होतं, आणि मी स्वतःवर फार खूश होतो.

त्याच दिवशी संध्याकाळी गुरुजी आणि हवालदार माझ्या घरी आले. बरोबर. एका बाकावर बसले. समेटाची दोन प्रवचनं अखेर फळाला आली, असं समजून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"विहीर कुनाला इचारून उघडली?" हवालदारांनी सुरुवात केली.

मी म्हणालो, "तहानलेल्याला पाणी द्यायला विचारायचं कशाला? शुभवर्तमानच आहे ते."

"शुभवर्तमान आम्हालाही ठाऊक आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुमच्या जन्माआधीपासून. तुम्हाला ठाऊक नाही ते सांगतो. आमच्या आया गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. दुपारपर्यंत बसावं लागायचं."

"दिवस मावळस्तवर," हवालदार म्हणाले.

"मावळेपर्यंत," गुरुजींनी मान्य केलं. त्या दोघांचं एकमत मी प्रथमच ऐकत होतो.

मी विचारलं, "मग विहीर बंद करू?"

हवालदारांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं परेडवर चुकणाऱ्या रंगरुटाकडं बघत असतील. "बंद करा कोन म्हनतंय? बाया तहानल्यात. पन विहीर आमची हाय. गावानं आमाला इचारावं, आन आमी हो म्हनावं. तेवढंबी आमच्या वाट्याला येऊ दिलं न्हाई तुमी."

चहा झाला, ते उठून गेले, तेही बरोबरच.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीच्या कानावर ही गोष्ट घातली. तिला नवल वाटलं नाही. "म्हनूनच फाटकाशी थांबले हुते मी," ती म्हणाली. दोन दिवसांनी खुद्द पाटील आले. देवळाच्या पडवीत त्यांना खुर्ची दिली. दोन्ही वडील समोर बसले. बराच वेळ खडीच्या कामाची, जनावरांच्या छावणीची बोलणी झाली. शेवटी पाटील म्हणाले, "विहिरीचं इचारायला आलो हुतो. गावाला पानी भरू द्याल का?"

गुरुजींनी हवालदारांकडं पाहिलं, हवालदारांनी गुरुजींकडं. मला कुणी विचारलं नाही. "भरा," गुरुजी म्हणाले. तेवढ्यात हवालदारांच्या बायकोनं चहा आणला. पाटलांनी कपाकडं पाहिलं. त्यांनी कप उचलला, प्यायले आणि म्हणाले, "चहा झ्याक झालाय."

"पानी ह्याच विहिरीचं हाय," हवालदार म्हणाले.

उन्हाळाभर विहिरीवर दोघांचं राज्य होतं. रांग हवालदार लावत, भांडणं गुरुजी मिटवत; आपसातली भांडणं मात्र ते रोज नव्यानं उकरून काढत. पण आता ती तोंडानं होत, आणि ऐकायला रांगेतलं सगळं गाव असे. माझं काम बादलीचा दोर तुटला की नवा आणणं एवढंच उरलं.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला, गावच्या विहिरीला पाणी आलं आणि बायका यायच्या थांबल्या. कुणी निरोप घेतला नाही, आभार मानले नाहीत. पाटलांची चुलती तेवढी येत राहिली. "तुमच्या पान्यात डाळ लवकर शिजती," म्हणायची. आमच्या घरची डाळ कधी लवकर शिजल्याचं माझ्या बायकोला आठवत नाही.

त्याच सुमारास दोन्ही वडील एस.टी.नं आमच्या मुख्य कार्यालयात गेले आणि माझी बदली मागून आले. तिथल्या वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं. ते फार प्रसन्न होते. "दोघं एका तोंडानं बोलत होते हो," ते म्हणाले. "पाळक भला माणूस आहे, पण आमच्या वतीनं चांगुलपणा करतो, म्हणाले. अशी एकी करणारा माणूस मला दुसरीकडे हवाच आहे. तिथं तीन तट आहेत."

मी परत येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तिथं गेल्यावर आधी महिनाभर गप्प बसा."

निघायच्या दिवशी गुरुजी आणि हवालदार स्टँडवर आले. एस.टी.च्या टपावर आमची ट्रंक आडवी ठेवायची की उभी, यावर त्यांचं जुंपलं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी ते वाद घालतच होते.