दंडावरची इंदू

माझ्या नवऱ्याच्या दंडावर इंदू नावाच्या बाईचं नाव गोंदलेलं होतं.

हे अख्ख्या गल्लीनं पाहिलं. हळदीच्या मांडवात. माझ्यासमोर.

आज ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. म्हटलं, आता सांगून टाकू.

सगळे ह्यांना नाना म्हणायचे. यावलचे वायरमन नाना. लग्नातली लायटिंग, ऑर्केस्ट्राची लायटिंग, सगळं हेच करायचे.

काल नात मोबाईल घेऊन आली. दिवसा काहीच दिसत नाही, जांभळ्या लाइटखाली चमकतो, असा टॅटू. म्हणे यूव्ही. म्हणे कूल.

मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी नव्वद साली करून घेतला होता. बाजाराच्या दिवशी.

तिला वाटलं, आजी फेकतेय.

तर ऐक.

नानांकडे एक जांभळी ट्यूब होती. तिच्याखाली पांढरा शर्ट असा चमकायचा की माणूस नाही, शर्टच चालत येतोय. कपडे पांढरे करायच्या पावडरीत धुतला असेल तर जास्तच.

ते बघून ह्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं, हीच पावडर कातडीत घातली तर?

बाजारात एक गोंदणारी मावशी बसायची. हे पुडी घेऊन तिच्यापुढे. ती म्हणाली, ही धुण्याची वस्तू, अंगात नाही घालत. पण ऐकतील ते नाना कसले! शेवटी तिनं पावडर पाण्यात कालवली आणि सकाळपासून ज्या सुईनं बाया गोंदत होती, त्याच सुईनं दोन अक्षरं काढली.

हे मला सगळं नंतर कळलं. घरी आले तेव्हा म्हणे, वायर चटकली.

तिसऱ्या दिवशी दंड सुजून टम्म. ताप, पू. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आत काय घातलंय ते ह्यांच्याकडून वदवून घेतलं आणि मला एवढंच म्हणाले की हात वाचला हे नशीब समजा.

पंधरा दिवस मी ती जखम कडुलिंबाच्या पाण्यानं धुतली. अक्षर कुठलं, नुसत्या खपल्या. आपण काय धुतोय ते मला माहीतच नाही.

चार महिन्यांनी शेजारच्या पोरीची हळद. संध्याकाळची वेळ. ऑर्केस्ट्रा रंगात आलेला आणि नानांची जांभळी ट्यूब फडफडायला लागली.

हे स्टुलावर चढले. हात वर केला. बाही खांद्याकडे घसरली.

आणि दंडावर निळं-पांढरं चमकलं.

इंदू.

ऑर्केस्ट्रा चालू, बायांच्या माना स्टुलाकडे.

नणंद माझ्या कानाशी आली, "वहिनी, ही इंदू कोन वं?"

ते त्या मांडवात दोघांनाच माहीत होतं.

इंदू म्हणजे मी.

माहेरची. साक्रीकडची. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तांदळाच्या ताटात ह्यांच्याकडून अंगठीनं 'सुवर्णा' लिहून घेतलं, पेढे वाटले, आणि इंदू संपली. चार वर्षांत सासूबाईसुद्धा ते नाव विसरल्या.

ज्या हातानं सुवर्णा लिहिलं, त्याच हाताचा हा दंड.

स्टुलावरून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांग ना, असं. मोठ्या माणसांसमोर बायकोचं नाव घ्यायला ह्यांची जीभ उचलेना.

मी पदर तोंडाला लावला.

हसू दाबायला. गल्लीला वाटलं, रडतेय बिचारी.

दोन दिवस मी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनी लेकाशी बोलणं टाकलं. मामेसासरे समज द्यायला निघाले. शेजारणी माझ्यासाठी भरीत-पुऱ्या आणत होत्या.

मी खात होते.

तिसऱ्या दिवशी मात्र एका घरून निरोप आला. आमच्या घरात तरण्या पोरी आहेत, लायटिंगला दुसरा माणूस बघितलाय. नाना ओसरीवर वायर गुंडाळत बसले होते. एकच वायर, गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

तेव्हा माझं हसू आटलं.

पेटीतून लग्नाची पत्रिका काढली, नणंदेला दिली. वाच म्हटलं, मोठ्यानं, गल्लीत जाईल असं.

चि. सौ. कां. इंदू.

सासूबाईंनी पत्रिका ओढून घेतली. मग लेकाला म्हणाल्या, "येड्या, सांगता नाही आलं?"

मग माझ्याकडे वळल्या. "आन् तू दोन दिवस भरीत खात बसली?"

नंतर मी ह्यांना विचारलं, जुनंच नाव का?

"घरानं तुह्यं नाव बदललं. माह्या हातानंच लिहून घेतलं. तुले कोनी इचारलं नाही. म्हटलं, एका जागी तरी राहू दे."

मी माझ्या माहेरच्या बोलीत म्हटलं, "मंग दिवसा दिसी असं कसाले नही लिखं?"

"आईले भ्यालो."

दीड वर्षात चमक गेली. पावडरच ती, किती टिकणार! पण जखमेचा वण उंच राहिला. डोळ्यांना काही नाही, बोटाला वाचता यायचं.

नात विचारते, आजी, सेफ असतं का गं?

बाई, गोंदणाऱ्याला विचार, शाईत काय काय आहे आणि सुई नवी आहे का. त्याला सांगता आलं नाही, तर उठून ये. आणि ज्याचं नाव गोंदशील, त्याला तरी आधी सांग.

ह्यांना शेवटची आंघोळ घालायच्या आधी मी दंडावरून बोट फिरवलं.

होतं. दोन्ही अक्षरं.

पत्रिका वाळवीनं खाल्ली. आधार कार्डावर मी सुवर्णा, मतदार यादीत सुवर्णा. इंदू एकाच जागी लिहिलेली होती, ती ह्यांच्यासोबत गेली.

म्हणजे एकटे नाही गेले.

नाना, श्रद्धांजली बाकीचे लिहितील. मी फक्त सही करते.

तुमची,
इंदू