मुशी सुटली त्या दुपारी

भुतंखेतं, अंगात येणं, नवस-सायास… मला या सगळ्याचा पहिल्यापासून कंटाळा. ड्रायव्हर माणूस मी. इतकी वर्षं घाटातून गाडी हाकली, एक हडळ भेटली नाही. भेटली असती तर गाडीला धक्का मारायला लावली असती! पण आता वय झालं, आणि ही एक गोष्ट मनातून जात नाही.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लढाई चालू होती. विलायतेतून येणारं माशाचं तेल बंद झालं, म्हणून दवाखान्यांत अशक्त पोरांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल द्यायला लागले. त्याचे डबे कोकणातल्या एका बंदरावरून सांगलीला आणायचं काम माझ्याकडं. पेट्रोल मिळत नव्हतं, गाडी कोळशाच्या गॅसवर. कुंभार्ली घाट चढताना ती खोकायची आणि मी शिव्या द्यायचो. दमलो होतो हो.

घर कडेगावला. बायको शेवंताचे दिवस भरलेले. आधीची दोन बाळं जन्मतानाच गेली होती. निघताना आई म्हणाली, "येवढी खेप न्हाई केलीस तर काय बिघडतंय रं?"

"आये, सुट्टी न्हाई गं."

शेवंतानं भाकरी बांधून हातात दिली.

बंदरावर पोचलो, तर तेल तयारच नव्हतं. जाळ्यात एक अवाढव्य मुशी सापडलेली… माझ्या गाडीपेक्षा लांब, पाठभर पांढरे ठिपके. असली मुशी माणसाला काही करत नाही म्हणे, तोंड उघडून बारीकसारीक खात फिरते. शेपटीला दोर लावून तिला खाडीत ओढून आणली होती. पोट जड दिसत होतं. दुसऱ्या मुश्या कापताना पोटातून जिवंत पिल्लं वाळूत पडलेली मी पाहिली होती. त्या दिवशी मला ते बघवणार नव्हतं.

नावेवरच्या तांडेलानं, त्या खलाशांच्या म्होरक्यानं, दोर माझ्याकडं फेकला. "ए घाटी, बांध त्या खांबाला! ओहोटी लागली की कापू."

बांधला. हाताला सवय ती — गोठ्यात बैल बांधतो तशी सुरगाठच पडली. मोकळं टोक ओढलं की लगेच सुटते. आग लागली, साप निघाला तर जनावर पटकन सोडवता यावं म्हणून. पण टोक ओढल्याशिवाय बैलानं कितीही हिसके दिले तरी सुटत नाही. मी जरा लांब बसून भाकरी सोडली.

पहिला घास तोंडात होता. खांबावरचं ते मोकळं टोक आपोआप ताठ झालं… कुणीतरी ओढावं तसं. जवळ कुणी नव्हतं. गाठ सुटली, दोर सळसळत पाण्यात गेला, आणि मुशी हळूच वळून खोल पाण्याकडं निघून गेली.

"घाट्या, बैल बांधलास होय रे!" तांडेल अंगावर धावून आला. सगळ्यांची मेहनत गेली, त्याचं तरी काय चुकलं?

रिकामी गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी घर गाठलं. दारात आई, डोळे सुजलेले.

"आये, शेवंता?"

"हाय की! पोरगी झाली. लय हाल झालं रं तिचं."

आदल्या दिवशी सकाळपासून बाळ अडलेलं. सुईणीनं हात टेकले होते. बाळंतिणीला धरायला आढ्याला बैलाचं दावं बांधतात आमच्याकडं, तसं आईनं स्वतः घट्ट निरगाठ मारून बांधलेलं.

"भाकरीची येळ आसंल. हिनं जीव खाऊन दावं वडलं, आन् ती गाठ सुटली की रं! ही मागं पडली, आन् पोरगी भाईर!"

मी आत गेलो. शेवंता डोळे मिटूनच म्हणाली, "आवं, दाव्याच्या पल्याड काय तरी लय जड हुतं. ते सुटलं, तवा मी सुटले."

दावं कोपऱ्यात पडलं होतं. उचललं तर ओलं. वास घेतला… खाडीचा. आई म्हणाली, घाम असेल. असेल बाबा! गोठ्यात नेऊन टांगलं, तर दोन्ही बैल माना लांब करून ते चाटायला लागले. बैलाला मीठ आवडतं.

तेलाच्या खेपा पुढंही केल्या. आजारी पोरांना तेल लागायचंच, आणि मला भाकरी. तेवढी मोठी मुशी मात्र त्या खाडीत पुन्हा कुणाला दिसली नाही. बंदरावरचं घरात मी कुणालाच सांगितलं नाही. बाळंतिणीला कशाला घाबरवा, म्हणून आधी राहिलं, मग राहूनच गेलं.

पोरीची पोरंसुद्धा आता मोठी झाली. गेल्या साली शेवंता गेली. शेवटच्या दुखण्यात एकदा माझा हात धरून म्हणाली, "आवं, तिचं बी बाळ नीट झालं आसंल का वो… त्या पाण्यातलीचं?"