भांबुर्ड्याचे वाफे

तरुणांनी शेतीत काहीतरी नवीन करावं, या विषयावर मी फार चांगलं बोलतो. पेणमध्ये बारसं असो की सोसायटीची सभा, माइक हाती आला की "बापजाद्यांनी लावलं नाही ते लावा" हे वाक्य मी सोडत नाही. (मी स्वतः शेती केलेली नाही. नागोठण्याला कंपनीत शिफ्टा केल्या.)

ते भाषण मनावर घेणारी एकच निघाली, माझी पुतणी सायली. रोह्याच्या शेतात भातकापणी झाल्यावर तिनं दोन गुंठ्यांत काहीतरी लावलं. काय, ते कुणाला सांगेना. माझ्या भावानं, म्हणजे तिच्या बापानं, अट घातली होती. तालुक्याच्या कृषी खात्याच्या मॅडम शेत बघायला येतील. त्यांनी नव्या पिकांच्या योजनेत निवड केली तर ठीक, नाहीतर मुकाट कंपनीत चिकटायचं.

मॅडम यायच्या दिवशी मदत करावी म्हणून मी पहिल्या एसटीनं रोहा गाठलं. सायली त्यांना आणायला गेली होती. शेतात बघतो तर काय, वाफेच्या वाफे भांबुर्ड्यानं माजलेले! आता पोपटी लावताना, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजताना, हा उग्र वासाचा पाला लागतो, हे खरं. पण तो बांधावर फुकट उगवतो. शेतात शिरला की तण. मी भांबुर्डा ओळखला नाही असं नाही. ओळखला म्हणूनच उपटला. दोन तास कंबर मोडून सगळे वाफे लख्ख केले. (तण इतकं सरळ रांगेत उगवलंय, याचं मला कौतुकही वाटलं.)

सायली मॅडमना घेऊन आली. तिनं मोकळी माती बघितली, बाजूचा ढीग बघितला आणि माझे हात हुंगले.

"काका, माझं पीक कुठं हाय?"

"तणाखाली असंल गो. आता दिसंल."

"काका, तेच पीक होतं."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. एवढी भुसभुशीत करून ठेवली होती मी, तरी घेईना. पोरीचे डोळे भरले. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या मागोमाग आलेला भाऊ शांतपणे म्हणाला, "उद्या कंपनीत अर्ज टाकू."

पण पोरगी खमकी. उपटलेला पाला वाया कशाला, म्हणून तिनं भावाच्या वालाच्या शेंगा आणून तिथंच पोपटी लावली. मॅडमनी दोनदा मागून खाल्ली. मग हात पुसत त्यांनी नेमकं विचारलं, "भांबुर्डा तर बांधावर फुकट मिळतो. मग लागवड कशाला?"

"आता मिळत नाय, मॅडम," सायली म्हणाली. "दिसला की लोक उपटतात." आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

मॅडमनी मला ढिगाशेजारी उभं करून फोटो काढला. मी हसलोसुद्धा.

सायलीची निवड झाली. मॅडमच्या अहवालात माझा तो फोटो छापून आलाय. नाव नाही. खाली एकच ओळ आहे: 'वनस्पती दुर्मीळ होण्याचे कारण.'