आधी पाणी, मग आग

धुकं इतकं दाटलं होतं, की समोरच्या दुकानाची पाटी विरघळल्यासारखी दिसत होती. पोचेकाका नळाखाली टाक्या भरत बसले होते. जुन्या गॅसबत्त्यांच्या पितळी टाक्यांचे पोचे काढण्यात त्यांचा जन्म गेला. खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. टाकीला आग दाखवण्याआधी ती पाण्यानं तोंडापर्यंत भरायची, आतली रॉकेलची वाफ घालवायची, हा थोरल्या भावाचा दंडक. भाऊ गेला, दंडक राहिला.

तेवढ्यात धुक्यातून वहिनी आल्या. हातात भावाचीच बत्ती. जिन्यावरून तो पडला तेव्हा हीच धरलेली. टाकीला मुठीएवढा पोचा.

"भावोजी, दुपारच्या गाडीनं लेकीकडे चालले, कायमची. हिला नेते. पण एवढा पोचा काढा. बघवत नाही."

"लगेच?"

"यात तुमचा हात कोण धरणार? स्वतःच्या टाळक्यातला पोचा तेवढा राहिलाय."

काका हसले. बत्ती इतकी वर्षं माळ्यावर कोरडी पडलेली, हिला कसलं पाणी पाजायचं! पोच्याच्या मधोमध पितळेची कांडी कथलाच्या डाखानं चिकटवायची आणि तिला धरून पत्रा ओढून काढायचा, एवढंच काम. त्यांनी जागा घासली, बोट फिरवून पाहिलं, ब्लोलॅम्प पेटवला. ज्योत टाकीकडे वळवली.

टक टक. ठक्.

आवाज टाकीच्या आतून आला.

काकांचा हात जागीच थिजला. ऐरणीवर दोन हलक्या टिचक्या, मग कामावर घाव. हातोडीचा हा ठेका अख्ख्या गल्लीत एकाच माणसाचा होता.

"वहिनी, ऐकलंत?"

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "पितळ तापलं की वाजतं," त्या पुटपुटल्या.

"ज्योत लागलीच कुठंय अजून?"

काकांनी ज्योत विझवली, झाकण फिरवलं. रॉकेलचा भपकारा नाकात गेला.

"ही कधी भरली होती?"

"काल. घर सोडण्याआधी एकदा लावून बघितली. पण उरलेलं सगळं ओतून टाकलं की हो!"

"अहो, ओतल्यावरच तर वाफ कोंडते! आग लागली असती तर दोघांच्याही चिंध्या झाल्या असत्या."

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. काकांनी पोच्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मघाशी गुळगुळीत लागलेल्या खळग्यात आता मसुरीएवढा उंचवटा होता, आतून ठोकून काढल्यासारखा. पितळ थंडगार, तेवढी जागा कोमट.

वहिनींनीही हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"पोचा राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि ही इथंच ठेवा. मला लेक सांभाळेल. तुमच्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवं."

त्या धुक्यात शिरल्या. काकांनी भावाची टाकी नळाखाली धरली, तोंडापर्यंत भरली, आणि पुढची उचलली.