लशीचा पहिला पीस

चाकणच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं तपासनीस होतो. प्रेसमधून पत्र्याचे भाग पडायचे आणि ते पास की नापास, हे ठरवायचं काम माझं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून पगार घेतला की माणसाचा स्वभाव जसा होईल तसा माझा झाला आहे. हॉटेलात चहा आला की मी आधी कपाची कड बघतो. रिक्षात बसलो की चाकाचा आवाज ऐकतो. बायको म्हणते, "लग्नाआधीही तुम्ही असेच होतात, कंपनीला उगाच दोष देऊ नका."

यंदा मार्चमध्ये आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे दिघीला आमच्याकडे आली. तिचं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, माण गावात. ती आणि जावई दोघं तिथल्याच आयटी कंपन्यांत आहेत. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मायलेकी तपासणीला गेल्या आणि येताना एक फर्मान घेऊन आल्या. बाळाला उचलणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांनी फ्लूची लस घ्यायची, आणि ती बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी, कारण लशीचा गुण यायला तेवढा वेळ लागतो. बाळाला स्वतःला सहा महिने होईपर्यंत ती लस देता येत नाही. तोवर त्याच्या आजूबाजूच्यांनीच सांभाळायचं. शिवाय आमच्या वयाच्या लोकांनी ती तशीही दरवर्षी घ्यायला हवी, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं.

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो म्हणजे काय, बाबा?" मुलगी म्हणाली. "लस न घेतलेल्या माणसाच्या हातात मी बाळ देणार नाही. आधीच सांगून ठेवते."

हे बोलणं मला लागलं. कारण सांगतो. मुलगी झाली तेव्हा मी नवीन होतो, शिफ्ट आणि ओव्हरटाइम यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. पहाटे निघालो की ती झोपलेली, परत यावं तर पुन्हा झोपलेली. ती रांगायला कधी लागली हे मला बायकोनं सांगितलं. म्हणून निवृत्तीनंतर मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की नातवंडाला पहिल्या दिवसापासून मांडीवर घ्यायचं. याहून मोठी इच्छा मला उरलेली नव्हती. तेव्हा लस घ्यायची हे नक्की होतं. पण एखादी गोष्ट न तपासता अंगात घालून घ्यायची, हे काही माझ्याच्यानं होईना.

आम्ही सकाळी फिरून झालं की लष्कराच्या हद्दीच्या भिंतीसमोर एका बाकावर बसतो. तिघंही एकाच कंपनीतून निवृत्त झालेले. एक मी. दुसरा आमच्या स्टोअरमधला, मूळचा लातूरकडचा. मोबाइलवर आलेला प्रत्येक मेसेज तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तिसरा प्रेसवाला. हा अस्सल दिघीचा, बापजाद्यांची शेती इथंच होती. आता तिथं खोल्या भाड्यानं दिल्यात. अंगानं धिप्पाड, आवाज पार रस्त्यापलीकडे जाणारा. वीस वर्षं तो प्रेस चालवायचा आणि मी त्याचा माल नापास करायचो. कंपनीत आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. निवृत्तीनंतर मात्र एकमेकांवाचून करमेना.

बाकावर मी लशीचा विषय काढला.

स्टोअरवाल्यानं लगेच मोबाइल उघडला. "हे बघा काय लिहायलेत. अन् मला एक सांगा, दरवर्षी घ्यावं लागायलंय म्हणजे मालातच खोट हाय की नाही?"

"रोगाचा जंतू दरवर्षी बदलतो म्हणून लसही बदलतात," मी म्हणालो. हे मुलीनं मला दोनदा समजावलं होतं.

"म्हंजे दरसाल नवा लॉट," प्रेसवाला म्हणाला.

झालं. त्याच्या तोंडून लॉट हा शब्द निघाला आणि आम्हा तिघांचंही डोकं आपोआप कंपनीत गेलं. आमच्याकडे रीत अशी होती, की नवा लॉट सुरू करताना मशीनमधून निघालेला पहिला पीस तपासनिसाकडे यायचा. तो पास झाला की बाकीचा माल चालू. नापास झाला, की लॉटवर लाल कार्ड लागायचं आणि काम होल्डवर जायचं. आयुष्यभर हेच केलेलं. मग लशीलाच वेगळा न्याय कशाला? एकानं आधी घ्यावी, पंधरा दिवस त्याच्याकडे बघावं, सगळं ठीक दिसलं की बाकीच्या दोघांनी घ्यावी. हे आम्हाला इतकं शहाणपणाचं वाटलं की आम्ही त्यावर दुसऱ्यांदा चहा मागवला. जी लस जगभर कितीतरी माणसं दरवर्षी घेतात, तिची तपासणी कुणीतरी आधीच केलेली असेल, हा विचार तिघांपैकी एकालाही शिवला नाही.

"म्या घेतो पयला," प्रेसवाला म्हणाला. "तुमी बसा वही घिऊन, साहेब. एवढी वरसं माझा माल तपासला, आता मलाच तपासा."

त्यानं चौकातल्या डॉक्टरांकडे जाऊन लस घेतली. मी शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. ताप, भूक, झोप, दंडाची सूज. पहिल्या दिवशी दंड जरा दुखत होता. तशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी तो बाकावर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो बघवेना. डोळे लाल, घसा पार बसलेला, अंग ठणकतंय म्हणून बाकावर हळूच टेकला. ज्याचा आवाज पलीकडच्या रस्त्यावर जायचा, तो खुणा करून पाणी मागत होता.

"मी म्हणलो नव्हतो?" स्टोअरवाला म्हणाला.

मी वहीत लाल पेनानं 'होल्ड' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. खरं सांगतो, सही करताना मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर माझ्या सहीला कुणी विचारत नव्हतं.

घरी येऊन मी निर्णय जाहीर केला. प्रेसवाल्याचा घसा सुधारेपर्यंत लस होल्डवर. बायको मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमचं तुम्ही ठरवा. माझी घेऊन झालीये."

"कधी?"

"पाडव्याच्या आदल्या दिवशी. तपासणीला गेले होते तेव्हाच. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझा पण ताप मोजत बसला असता."

मला राग आला, आणि राग आला की मी हट्टाला पेटतो. बायकोनं मला न विचारता घेतली, म्हणजे आता मी मुळीच घाई करणार नव्हतो. मुलगी रोज विचारायची, मी वही दाखवायचो. बाळंतपणाला अजून पाच आठवडे होते. प्रेसवाल्याचा घसा चार दिवसांनी सुटला, पण मी म्हटलं, पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. नियम तो नियम.

बाराव्या दिवशी स्टोअरवाल्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. चाकणच्या बाजूच्या कुठल्याशा गावच्या यात्रेतली बैलगाडा शर्यत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, धुळीचे लोट, गाडा सुटलेला, आणि कडेला गुलालानं माखलेला एक धिप्पाड म्हातारा दोन्ही हात वर करून उड्या मारत बोंबलतोय. स्टोअरवाला बघून हसला आणि एकदम थांबला. त्यानं मोबाइल माझ्याकडे सरकवला. मी चष्मा पुसून पाहिलं. तपासनिसाच्या नजरेला ओळख पटायला वेळ लागत नाही.

"हे कधीचं?" मी प्रेसवाल्याला विचारलं.

तो भिंतीकडे बघू लागला. "दुसऱ्या दिसाचं," अखेर म्हणाला. "सुई टोचली त्याच्या दुसऱ्या दिसाचं. भाच्याचा गाडा व्हता, साहेब. दिसभर उन्हात हुबा व्हतो, रातीला तितंच पडलो. घरात सांगू नका. मेव्हण्याकडं गेलतो म्हणून सांगितलंय."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत? मी वहीत घसा लिहिला, अंगदुखी लिहिली, लस होल्डवर टाकली!"

"तुमी इचारलंच न्हाई. ताप इचारला, भूक इचारली. कुटं गेलतास, असं इचारलं व्हय?"

मी वही मिटली. मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, "राव, मला कशाला पायजे व्हती ती सुई? तुमची पोरगी आलीया, अन् तुमी घ्यायला भेताय, हे मला दिसत व्हतं. म्हणून म्या पुढं झालो."

मी भीत होतो, हे या गड्यानं ओळखलं होतं आणि मला मात्र ते तोवर ठाऊक नव्हतं. वही, रकाने, पंधरा दिवस, सगळा थाट ती भीती झाकण्यासाठी होता. ज्याचा माल मी वीस वर्षं नापास केला त्यानं माझ्यासाठी दंड पुढे केला, याची मला फार लाज वाटली. त्याच दिवशी मी आणि स्टोअरवाला लस घ्यायला डॉक्टरांकडे गेलो आणि प्रेसवाला सोबतीला आला. मी डॉक्टरांकडून लशीची मुदत वाचून घेतली आणि ती फ्रिजमधूनच काढली ना, हेही विचारलं. डॉक्टर शांत होते. प्रेसवाल्यानंच मला दटावलं, "साहेब, बाही वर करा." सुई कधी गेली ते कळलंही नाही.

आणि पाचव्या दिवशी, तीन आठवडे आधीच, मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. जरा लहानखुरी, पण रडणं ठणठणीत. मी दवाखान्यात पेढे वाटले. पण घरी यायच्या वेळेपर्यंत मला सर्दी झाली होती. लशीचा तिच्याशी संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं. बाकावर स्टोअरवाला दोन दिवस शिंकत होता. मुलीनं हिशेब केला. लशीचे दोन आठवडे पुरे व्हायला बाळ झाल्या दिवसापासून नऊ दिवस, आणि सर्दी पूर्ण जायला हवी ती वेगळीच.

"बाबा, तोवर दाराच्या बाहेर," ती म्हणाली.

बायकोनं खोलीच्या दारात एक पाट आडवा ठेवला. याच्या पलीकडे मी. मला वाद घालता आला असता, पण कोणत्या तोंडानं घालणार? आयुष्यभर मीच माणसांना नियम सांगितले होते. मी तोंडाला मास्क लावून पाटाच्या अलीकडे उभा राहायचो. आत बायको बाळाला तेल लावायची, शेक द्यायची, दुपट्यात गुंडाळायची. मी डिंक आणला, खारीक आणली, बाळंतशेपा दोनदा बदलून आणल्या कारण पहिल्यांदा आणलेल्या जुन्या निघाल्या. सामान पाटावर ठेवायचं आणि मागे सरायचं. बायको कधीकधी बाळाचं तोंड माझ्याकडे करायची. मी लांबून बघायचो.

एका सकाळी मुलगी आंघोळीला गेली होती आणि बायको स्वयंपाकघरात होती. बाळ रडू लागलं. मी पाटाशी गेलो. पाय उचलला, खरंच उचलला. मग तो परत ठेवला आणि तिथूनच बोलायला लागलो. काय बोलावं सुचेना, म्हणून पत्र्याची जाडी कशी मोजतात ते सांगू लागलो. नात गप्प झाली. बायको लाडूचं ताट घेऊन मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच मला चिडवलं नाही.

सर्दी गेली, दिवस भरले. मी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. मुलीनं स्वतः पाट उचलून भिंतीला लावला.

"या, बसा," ती म्हणाली. मी पलंगाच्या कडेला बसलो. तिनं बाळ माझ्या हातांत दिलं, मानेखाली माझा पंजा नीट बसवला, आणि तशीच माझ्या शेजारी बसली.

"बाबा, लहानपणी तुम्ही फर्स्ट शिफ्टला निघताना असेच दारात उभे राहायचात. डबा हातात घेऊन."

"तुला काय माहीत? तू तर झोपलेली असायचीस."

"जागी असायचे. पण मी डोळे उघडले असते तर तुम्ही आत आला असतात, आणि तुमची कंपनीची बस चुकली असती. म्हणून मिटून पडायचे."

मी रडलो, आणि हात गुंतलेले असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. मुलीनं तिच्या ओढणीनं पुसले. त्या दिवशी मी नातीला दीड तास खाली ठेवलं नाही. हाताला मुंग्या आल्या, बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली, पण बाळाचे डोळे उघडे होते आणि मी हललो नाही.