कराओकेतले टाळ

गाणारा माणूस नवरा म्हणून करू नये, असं मी माझ्या दोन्ही पोरींना बजावून ठेवलं होतं. ऐकलं एकीनंच. दुसरीचा नवरा तबला वाजवतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

गाणारा नवरा घरात असला की आंघोळीचं पाणी तापतानाही गाणं, मेथी निवडतानाही गाणं. आपण भांडायला पदर खोचावा तर हे मधेच कडवं घेतात, मग भांडणार कोणाशी? वाशिमात आमची पिठाची गिरणी आहे. आता मोठी पोरगी चालवते, पण जन्मभर हेच तिथे उभे होते. पट्टा फडफडतोय, जातं घरघरतंय, अंगभर पीठ, आणि त्या कल्लोळात हे आपले गात आहेत. त्या गिरणीनंच यांचे कान खाल्ले. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिटी, मग मी. मी ऐकू येत नाही हे मात्र यांनी लवकर सांगितलं नाही. त्यात त्यांची सोय असावी.

गिरणीतून मोकळे झाल्यावर यांना कराओकेचा नाद लागला. एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल लग्नं नसली की रिकामा पडलेला असतो. तिथे दर रविवारी दिवेलागणीला आमच्या वयाची मंडळी जमतात. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ मशीन घेऊन येतात. बँकेत ते कॅशियर होते, पण सगळे त्यांना मॅनेजरसाहेब म्हणतात आणि तेही कधी दुरुस्त करत नाहीत. मशीन नुसती वाजंत्री वाजवतं, शब्द भिंतीवरच्या टीव्हीवर पळतात, गाणं आपण म्हणायचं. काम सोपं आहे. अवघड काम ऐकणाऱ्याचं. जो तो आपल्या गाण्यापुरता आलेला. आपलं म्हणून झालं की खुर्चीत बसून मोबाईल काढायचा, नाहीतर शेजाऱ्याला तुरीवर कोणती फवारणी केली ते विचारायचं. समोर बिचारा कोणीतरी जीव तोडून गातोय.

यांचा आवाज अजूनही असा आहे, की मी रागात असले तरी ऐकते. पण मशीनची वाजंत्री यांच्या कानापर्यंत नीट पोचेना. कधी सुरुवातीचं वाजणं संपायच्या आधीच हे सुरू, कधी मशीन अर्ध्या ओळीवर गेलेलं आणि हे अजून तोंड मिटून उभे. लोक खोकायला लागले. आणि एका रविवारी मॅनेजरसाहेब आमच्या यांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी गोड आवाजात, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले की तुम्ही आता नुसतं ऐकायला येत जा.

ऐकायला! बहिऱ्या माणसाला ऐकायला बोलावणारा हा पहिलाच शहाणा मी पाहिला.

त्या दिवशी जेवून हे हात धुताना म्हणाले, "पुढच्या रविवारी एक गानं म्हनतो आन् बस. लोकाईले कायले तरास द्यायचा?"

मला वाटलं, रागात बोलले, सकाळी विसरतील. पण सकाळी पाणी तापलं, मेथी निवडून झाली, घरात सूर म्हणून नाही. कानाचं मशीन होतं, नाही असं नाही. पोरींनी हौसेनं आणलं होतं. पण माईक तोंडाजवळ नेला की ते कानात शिटी मारी आणि गाणं लागलं की यांना म्हणे पुन्हा गिरणीतच उभं असल्यासारखं वाटे. ते डबीत घालून कपाटात गेलं. डॉक्टर म्हणाले, आता जेवढं आहे तेवढं सांभाळा. म्हणजे गाणं सुटलं तर ते कायमचं सुटणार, हे मला दिसत होतं. आणि गाणं नसलेला हा माणूस कसा असतो ते मला माहीत नव्हतं. खरं सांगते, मला त्याची भीती वाटली.

दोन-तीन दिवसांनी मी ज्वारीच्या भाकरी थापत होते. हे समोर पाटावर बसून गरम भाकरीची वाट बघत होते. थापता थापता कानावर गुणगुण आली. मी मान वर केली नाही, म्हटलं, केली तर बंद होईल. हे माझ्या हाताकडे बघून गात होते आणि ठेका कसा, तर माझ्या थापेवर तंतोतंत. मी हात हळू केला, हेही हळू झाले. मी जलद थापलं, हेही जलद. मग मी मुद्दाम हात उचलून धरला. हे थांबले आणि भुकेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "काय झालं व?"

काही नाही झालं, म्हटलं. पण माझ्या डोक्यात चक्क उजेड पडला होता. कानांनी दगा दिला तर दिला, डोळे शाबूत होते. ठेका ऐकू येत नसेल तर तो यांना दिसला पाहिजे.

रविवारी मी भाजीची टोपली भरली. घरातले टाळ, देवघराजवळची खंजिरी, पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधायची घुंगरमाळ, आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात तुरीचे दाणे घालून केलेला एक खुळखुळा. नुसती वाद्यं नेली तर संशय येईल, म्हणून वरून काळे गॉगल, नातीच्या वाढदिवसाच्या कागदी टोप्या आणि जावयाचा लग्नातला फेटा टाकला. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, लोकांना नुसतं बसून करमत नाही, हाताला काहीतरी चाळा हवा. त्यांनी नाक मुरडलं पण नाही म्हणाले नाहीत. यांना तर काहीच सांगितलं नाही. खरं कारण मी एकीलाच सांगितलं, रिठदच्या बाईंना. या रिठद गावच्या, तिथल्या भजनात टाळ वाजवणाऱ्या. मुलाकडे वाशिमला राहायला आल्यापासून दर रविवारी हॉलमध्ये येऊन बसत, गात मात्र नसत. त्यांना म्हटलं, माझ्या माणसाच्या अगदी समोर बसा आणि टाळ छातीपाशी धरा, दिसला पाहिजे.

काय सांगू, टोपली फिरली आणि हॉलचा रंगच बदलला. मोबाईल खिशात गेले. ज्यानं टाळ उचलला त्यानं तो आधी कपाळाला लावला, मगच वाजवला. सिनेमाचं गाणं असलं म्हणून काय झालं? एक रिटायर कंपाउंडर आहेत, माणूस आयुष्यात हसला नसेल, त्यांनी गॉगल चढवला, टोपी घातली आणि बैलाची घुंगरमाळ अशी हलवली की बैल लाजावा.

मग यांचं गाणं आलं. रिठदच्या बाईंचा टाळ समोर चमकत होता. सुरुवातीचं वाजणं संपलं आणि हे नेमके जागेवर सुरू झाले. पहिली ओळ, दुसरी ओळ, मशीनच्या बरोबर. माझा जीव भांड्यात पडला.

पण आमची माणसं! भजनात टाळ हळू सुरू होतो आणि शेवटाकडे असा चढतो, की बुवालाही घाम फुटतो. तो चढवायचा असतो हे कोणी कोणाला शिकवत नाही, ते आईच्या दुधातूनच येतं. दुसरं कडवं आलं आणि हात तापले. टाळ चढला, खंजिरी चढली, कंपाउंडर तर उभेच राहिले. मशीनला काय त्याचं? ते आपलं बँकेतल्या रांगेसारखं आपल्याच चालीनं. यांचे डोळे हातांवर, त्यामुळे हेही हातांबरोबर धावले आणि सगळ्यांनी मिळून गाणं संपवलं, तेव्हा मशीनचं एक अख्खं कडवं शिल्लक होतं. वाजंत्री वाजतेय, टीव्हीवर शब्द पळताहेत, म्हणायला कोणी नाही. हॉल खो खो हसला. हेही हसले, त्यांना वाटलं कंपाउंडरांनी काही केलं. मग यांनी वळून टीव्ही बघितला.

माईक यांनी अलगद टेबलावर ठेवला. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, ताई, हे कराओके आहे, भजन नाही. घरी येताना हे एवढंच बोलले, "झालं ना तुयं समाधान? आता मले नेऊ नको तिकडे."

रात्रभर मी स्वतःवर चरफडले आणि सकाळी उठून राग काढायला रिठदच्या बाईंच्या घरी गेले. तिथे बघते तर बाईच डोळे पुसत बसलेल्या. म्हणाल्या, "टाळ हातात आला का हात आपलं आयकत नाई व. पन त्याईचं गानं म्याच तोडलं." आता अशा बाईशी काय भांडणार? तिच्याच हातचा चहा पिऊन परत आले.

पण बाई गप्प बसणारी नव्हती. तिनं कंपाउंडरांना सांगितलं, कंपाउंडरांनी इतरांना, आणि ज्या गोष्टीची मी दुसऱ्या कोणाला दाद लागू दिली नव्हती ती हॉलमध्ये गाणाऱ्या सगळ्यांना कळली. शनिवारी दोघंही आमच्या दारात, यांना आवतन द्यायला. घरी येऊन आवतन दिल्यावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. हे माझ्याकडे रागानं बघत राहिले आणि त्यांना म्हणाले, येतो. एक म्हणतो आणि बस.

रविवारी टोपली मी नेली नाही, ती कंपाउंडरांनी डोक्यावर घेऊन नेली. यांचं गाणं लागलं. सगळे ओठ दाबून टाळ वाजवत होते, परीक्षेला बसल्यासारखे, एकमेकांना डोळ्यांनी दटावत. पहिलं कडवं कसंबसं निभावलं जात होतं. पण मला दिसायला लागलं, पाय हलू लागलेत, मनगटं सैल होताहेत. आता चढणार. मी कंपाउंडरांवर डोळे वटारले, त्यांचा गॉगल काळा, त्यांना काय दिसणार? टाळ पुढे सरकला, मशीन मागे पडू लागलं.

मॅनेजरसाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांचा हात मशीनकडे गेला. मला वाटलं, झालं, यांचा माईक बंद करतो हा माणूस. मी उठलेच. हात धरणार होते त्यांचा, मग काय व्हायचं ते होवो.

त्यांनी मशीन बंद केलं. वाजंत्री गेली, टीव्ही काळा झाला. हातातलं घड्याळ काढून ठेवावं तसा त्यांनी मशीनचा रिमोट बाजूला ठेवला, टोपलीतून तुरीच्या दाण्यांचा डबा उचलला आणि सगळ्यांबरोबर वाजवू लागले.

क्षणभर हात चाचरले. रिठदच्या बाईंचे नाही चाचरले. हे गात होते. यांची पाठ टीव्हीकडे होती, नजर टाळांवर होती आणि एवढी मोठी वाजंत्री एकदम थांबली, तर यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तेव्हा मला कळलं. यांना कमी ऐकू येतं, असं मी जगाला सांगत होते. यांना त्या वाजंत्रीतलं काहीच ऐकू येत नव्हतं. मॅनेजरसाहेबांचा हात धरायला उठलेली मी परत खुर्चीत बसले.

आणि टाळ चढला. आता कोणी कोणाला अडवलं नाही. खंजिरी, घुंगरमाळ, मॅनेजरसाहेबांचा डबा आणि त्यावर यांचा आवाज, सगळं एकदम वर गेलं आणि एकाच ठोक्यावर थांबलं. यांनी घाम पुसला, हसत वळले, आणि काळा टीव्ही बघितला. बराच वेळ बघितला. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हे येऊन माझ्या शेजारी बसले आणि पुढच्या माणसाच्या गाण्याला, रिठदच्या बाईंच्या हाताकडे बघत, मांडीवर ठेका देत राहिले.

घरी चालत निघालो. चौकातल्या चहाच्या टपरीपाशी हे थांबले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ते मशीन कवा बंद केलं त्यानं?"

खोटं बोलता आलं असतं. पण यांच्याशी खोटंसुद्धा ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून खोटं मला जमत नाही. "पयल्या कडव्यातच," मी ओरडले. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

हे म्हणाले, "म्हंजे मंग मी कोनाच्या भरोशावर गाऊन राह्यलो होतो?"

"लोकाईच्या," मी म्हटलं. हे त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सगळ्या चौकाला ऐकवलं. "लोकाईच्या!"

यांनी मान डोलावली. चार पावलं चालले, पुन्हा थांबले आणि लाजल्यासारखं विचारलं, "मंग पुढच्या रविवारी कोनतं म्हनू?"

भर रस्त्यात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच आवाजात मी बोंबलले, "कोनतंही म्हना जी. आमी हावो ना."