तात्यांच्या ट्रॅक्टरची किल्ली

बारामतीच्या एका दवाखान्यात मी तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. आमच्याकडं आलेल्या माणसाला तंबाखू सोडा म्हणा, मीठ कमी करा म्हणा, मान डोलावतो. सोडत काहीच नाही, पण डोलावतो. 'गाडी चालवू नका' म्हटलं की मात्र अख्खी भावकी भांडायला येते. मी मूळची इंदापूरची, तोंडानं फटकळ. तरी या विषयावर हमखास हरायची.

कन्हेरीच्या एका तात्यांना ट्रॅक्टर चालवताना फीट आली. ट्रॅक्टर सरळ उसात शिरला आणि बंद पडला, तात्यांच्या कपाळाला टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. घरी सोडताना मी बजावलं, सहा महिने काहीही चालवायचं नाही, मग मेंदूचे डॉक्टर तपासतील आणि ठरवतील. झालं! बाजारात वांगी घ्यावीत तशी घासाघीस सुरू झाली. रस्त्यावर नको, पण रानात? कारखान्यापर्यंत? नुसत्या पहिल्या गिअरमध्ये? शेवटी एक चुलतभाऊ पुढं झाला आणि अगदी शांतपणे म्हणाला, तात्यांनी जन्मात लायसन काढलेलंच नाही, मग बंदी घालणार कशावर? कप्पाळ! मी म्हटलं, चालवायचं नाही म्हणजे नाही, आणि एकट्यानं कुठं जायचंही नाही.

टाके काढायला तात्या आले ते स्वतः ट्रॅक्टर चालवत. मागं ट्रॉलीत निम्मी भावकी, दोन पाव्हणे आणि बाजाराला निघालेली एक शेळी.

"एकटा कुठं हाय मी, बाई?" तात्या म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. वाटेत फीट आली असती तर मागची मंडळी काय करणार होती, टाळ्या वाजवणार होती? घरात दुसरं कोण चालवतं, विचारलं. कुणीच नाही. मुलगा पुण्याला कंपनीत. भिंतीशी तात्यांची बायको डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती. रागाच्या भरात मी काकूंकडं बोट करून बोलून गेले, "मग किल्ली ह्यांच्याकडं द्या." सगळे हसले. तात्या तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. काकू हसल्या नाहीत, त्यांनी हात पुढं केला. इतक्या माणसांत तात्यांना किल्ली द्यावीच लागली.

त्या दिवशी ओळखीचा एक ड्रायव्हर गाठून मी ट्रॅक्टर कन्हेरीला धाडला आणि विसरून गेले. काकू विसरल्या नाहीत. मुलगा रविवारी येऊन त्यांना मोकळ्या रानात शिकवायला लागला. पहिल्याच रविवारी त्यांनी गोठ्याची भिंत पाडली. म्हैस बाहेर बांधली होती म्हणून वाचली. मग त्यांनी रीतसर लायसन काढलं. घराण्यातलं पहिलं!

पुढच्या तपासणीला काकू चालवत होत्या आणि तात्या मडगार्डवर बसून हुकूम सोडत होते. मी पुन्हा ओरडले, फीट येऊन पडलात तर सरळ चाकाखाली जाल. त्यानंतरच्या खेपेला तात्या ट्रॉलीत होते, गादीवर, तक्क्याला टेकून, डोक्याला फेटा बांधून. बायकोच नेणार असेल तर निदान थाटात तरी न्यावं, असा त्यांचा हिशेब. काकूंचा भरवसा नाही म्हणून वळण आलं की ट्रॉलीतून स्वतः हात बाहेर काढायचे. रस्त्यानं लोक त्यांना नमस्कार करायचे. तात्या कुठल्या सोसायटीवर निवडून आलेत, असं आमच्या वॉचमननं मला खरोखर विचारलं.

सहा महिने सरले, फीट पुन्हा आली नाही, आणि मेंदूच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. तात्या पेढे घेऊन माझ्याकडं आले. सुटले बाई एकदाची, मला वाटलं. ते सिस्टरना पेढे वाटायला गेले, तशा काकू माझ्या टेबलाशी आल्या.

"बाई, अजून थोडं दिवस न्हाय म्हना की त्यास्नी."

मला काही कळेना. मग त्या हळूहळू सांगायला लागल्या. त्यांची आई लोणी भापकरला, डोळे गेलेली, अंथरुणाला खिळलेली. लग्न झाल्यापासून माहेरचं नाव काढलं की तात्यांचं एकच पालुपद, सवड झाली की जाऊ. सवड व्हायची दिवाळीला, नाहीतर कुणी मेल्यावर. एसटीनं जाते म्हटलं तर एकटी बाई कशाला, हे वर. हातात लायसन आल्यापासून मात्र त्या दर सोमवारी जाऊन येत होत्या.

"आई ट्रॅक्टरचा आवाज वळखती आता," त्या म्हणाल्या. "फाट्यावर आले की उठून बसती."

पण धडधाकट माणसाला आजारी कसं म्हणायचं? इतकी वर्षं मी लोकांना 'चालवू नका' एवढंच सांगत आले होते; 'चालवा' म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती.

"काकू, तात्या बरे झालेत, खोटं मला बोलता यायचं नाही," मी म्हटलं. "पण तुम्हाला कुठं फीट आलीय?"

काकू कनवटीला खोचलेली किल्ली चाचपत बाहेर गेल्या.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. ट्रॅक्टरपाशी तात्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला. काकू त्यांच्या शेजारून वर चढल्या, सीटवर बसल्या आणि ट्रॅक्टर चालू केला. तात्या काहीतरी पुटपुटत ट्रॉलीत चढले आणि गादीवर बसले. सोमवार होता. गेटाबाहेर पडून ट्रॅक्टर कन्हेरीकडं न जाता मोरगावच्या रस्त्याला, लोणीच्या दिशेनं निघाला, आणि तात्यांनी ट्रॉलीतून सवयीनं वळणाचा हात बाहेर काढला.